नाव, क्रमांक, गाव

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई. तेथून थोड्या अंतरावर मोका नावाचे गाव आहे. या गावात १९७० साली महात्मा गांधी संस्था स्थापन झाली. संस्थेच्या अभिलेखागारात जाड पुठ्ठ्याच्या, हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदवह्यांची एक मोठी मालिका जतन करून ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी हिंदुस्थानातून जी माणसे जहाजाने त्या बेटावर नेण्यात आली, त्यांच्या या नोंदी आहेत. रकाने ठरलेले आहेत. जहाजाचे नाव, पोहोचल्याची तारीख, मजुराचा अनुक्रमांक, नाव, आईचे किंवा बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरील खुणा, जिल्हा, परगणा, गाव आणि शेवटी ज्याच्या मळ्यावर पाठवले त्या मालकाचे नाव. एका माणसाला एक ओळ. पुढे तो मेला किंवा मायदेशी परतला, तर त्याच ओळीच्या शेवटी तसा शेरा.

प्रशासनात तीसएक वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला रकाने पाहण्याची सवय असते. एखादा नमुना समोर आला की त्यात काय लिहिले आहे, यापेक्षा तो नमुना कुणी आणि कशासाठी आखला, हा प्रश्न आधी मनात येतो. या नोंदवह्या कुणाचा कौटुंबिक इतिहास लिहिण्यासाठी उघडलेल्या नव्हत्या. पळून गेलेला मजूर ओळखता यावा, एका मळ्यावरचा माणूस दुसऱ्याने पळवू नये, कराराची मुदत मोजता यावी, यासाठी त्या होत्या. आज मात्र त्याच वह्यांच्या आधारे मॉरिशसमधील कुटुंबे आपला पूर्वज कोणत्या साली, कोणत्या जहाजाने, कोणत्या गावाहून आला याचा शोध घेतात. त्यांत आपली मराठी कुटुंबेही आहेत. ज्या कागदाने माणसाला बांधून ठेवले, त्याच कागदाने दीडशे वर्षांनंतर त्याला त्याचे गाव परत द्यावे, हा विरोधाभास मला अनेक दिवस विचार करायला लावतो आहे. या लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. मॉरिशस १८१० मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ पासून लागू झाला. मळेवाल्यांना पर्यायी मजूर हवे होते आणि त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला पोहोचले. त्यांचा करार पाच वर्षांचा होता. साध्या मजुराला महिना पाच रुपये व शिधा, मुकादमाला दहा रुपये. मॉरिशसमध्ये २ नोव्हेंबर हा दिवस आजही या आगमनाच्या स्मरणार्थ पाळला जातो.

सुरुवातीच्या भरतीत फसवणूक आणि हाल इतके झाले की इंग्लंडमध्ये व कलकत्त्यात ओरड सुरू झाली आणि कंपनी सरकारला ही वाहतूक थांबवावी लागली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली, पण सरकारी देखरेखीखाली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरे ठरवून देण्यात आली आणि देखरेखीसाठी अधिकारी नेमण्यात आले. नोंदवह्यांची शिस्त येथून वाढत गेली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ मध्ये मजुरांच्या उतरण्याची कायमची सोय झाली. तिचे अवशेष आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने जपले आहेत आणि २००६ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. धक्क्यावरून वर जाणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या तेथे आहेत. एकूण साडेचार लाखांहून अधिक माणसे हिंदुस्थानातून या बेटावर उतरली. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश परतली, उरलेली तेथेच राहिली. १९१० मध्ये मॉरिशसला होणारी ही भरती थांबली.

तिन्ही बंदरांत मुंबईचा वाटा सर्वांत लहान होता आणि तो मुख्यतः १८४० ते १८६० च्या दशकांतला. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली, विशेषतः त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे पुष्कळ होती. यात नवल नाही. कोकणचा माणूस तोपर्यंत पोटासाठी मचव्यात बसून मुंबईला यायला शिकला होता. खोताच्या जमिनीत कुळ म्हणून राबायचे, अर्धे पीक खोताला द्यायचे आणि पावसाळा सरला की मुंबई गाठायची, हे चक्र चालू होते. त्याच मुंबईत त्याला दलाल भेटे. समुद्र त्याला नवा नव्हता, पण मुंबईचा समुद्रप्रवास आणि महिना-दीड महिन्याचा मॉरिशसचा प्रवास यांतले अंतर त्याला कितपत कळले असेल, कोण जाणे.

आता वंशज हा शोध कसा घेतात ते पाहू. ज्यांना आपल्या घराण्याचा असा शोध घ्यायचा आहे, त्यांना ही पद्धत उपयोगी पडेल. शोध नेहमी उलट्या दिशेने चालतो. स्वतःचा जन्मदाखला, मग आईवडिलांचा विवाहदाखला, मग आजोबांचा जन्मदाखला असे एकेक पायरी मागे जायचे. मॉरिशसमध्ये जन्म, विवाह व मृत्यूच्या नागरी नोंदीची पद्धत फ्रेंच अमदानीपासूनची आहे आणि ती बरीच नीट राखलेली आहे. हे दाखले मागे मागे नेत गेले की कुठेतरी एक असा दाखला हाती येतो, ज्यात बापाच्या किंवा आईच्या नावापुढे एक क्रमांक असतो. तो क्रमांक म्हणजे बंदरावर उतरताना त्या व्यक्तीला मिळालेली ओळख. त्या क्रमांकाने मोक्याच्या अभिलेखागारातली ओळ सापडते. नावावरून शोधू गेल्यास हजारो रामा आणि शेकडो गणू भेटतात. क्रमांक मात्र एकाच माणसाचा.

ही साखळी दोन ठिकाणी हमखास तुटते. पहिली जागा विवाहाची. धार्मिक विधीने झालेल्या लग्नाला सरकारी नोंदीशिवाय कायद्याची मान्यता नसे. त्यामुळे अनेक मुलांच्या जन्मनोंदीत बापाचे नाव आले नाही आणि आईचे पाळण्यातले नाव हेच पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसले. दुसरी जागा लिपीची. कोकणी शेतकऱ्याने आपले नाव सांगायचे, ते मराठी न जाणणाऱ्या कारकुनाने ऐकायचे आणि इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाच्या रोमन लिपीत उतरवायचे. खेडुताच्या तोंडी विठू हा ‘इठू’ असतो. कारकुनाने तो तसाच लिहिला, की पुढच्या पिढ्या ‘इ’ या अक्षराखालीच सापडणार. आडनाव सांगण्याची रीत तेव्हा सर्वत्र नव्हतीच. म्हणून बापाचे नाव आडनाव झाले आणि मूळ आडनाव कायमचे बुडाले.

काही वर्षांपूर्वी दिल्लीत एका गणेशोत्सवात मॉरिशसहून आलेल्या एका निवृत्त शिक्षकांशी माझा परिचय झाला. पत्नीसह ते भारतदर्शनासाठी आले होते. मराठी बोलत होते, पण थांबत थांबत, शब्द निवडून. मध्येच भोजपुरी शब्द येई, अडले की फ्रेंच. मी सरकारी अधिकारी आहे आणि मूळचा कोकणाशी संबंध असलेला आहे हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी ते एक पाकीट घेऊन आले. त्यात मोक्याच्या संस्थेने दिलेला नोंदीचा उतारा होता आणि एका छायाचित्राची प्रत.

उतारा त्यांच्या पणजोबांचा होता. आगमन १८५० च्या दशकातले, मुंबई बंदरातून. वय २२, उंची पाच फूट तीन इंच, डाव्या हातावर जखमेचा व्रण. बापाचे नाव राघो. जिल्ह्याच्या रकान्यात रत्नागिरी, तेही ओळखू येईल न येईल अशा रूपात. परगणा विजयदुर्ग. गावाच्या रकान्यात जे लिहिले होते, ते मोठ्याने वाचल्यावर ‘शिरगाव’ असे ऐकू येत होते. त्यांचा प्रश्न साधा होता. “हे गाव कुठे आहे?”

शिरगाव नावाची गावे कोकणात एकाहून अधिक आहेत. रत्नागिरी शहराला लागून एक आहे, चिपळूण तालुक्यात घाटाच्या पायथ्याशी एक आहे आणि देवगड तालुक्यात एक आहे. निर्णय परगण्याच्या रकान्यावर अवलंबून होता. ते गृहस्थ नकाशात विजयदुर्ग किल्ला शोधून बसले होते आणि किल्ल्याच्या आसपास शिरगाव नाही म्हणून निराश झाले होते. येथे जुन्या महसुली भूगोलाची माहिती कामी आली. दक्षिण कोकणाचा जिल्हा १८१९ मध्ये झाला तेव्हा कचेरी बाणकोटला होती, ती १८२२ मध्ये रत्नागिरीस हलली. त्या काळी जिल्ह्याचे तालुके समुद्रकाठच्या किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात. सुवर्णदुर्ग, अंजनवेल, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण. म्हणजे नोंदीतला विजयदुर्ग हा किल्ला नव्हे, किल्ल्याच्या नावाचा सबंध तालुका. आजचा देवगड तालुका त्या जुन्या हद्दीत धरता येतो आणि १९८१ पासून तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. दीडशे वर्षांत जिल्हा बदलला, तालुक्याचे नाव बदलले, गाव तेवढे आपल्या नावाने जागेवर राहिले. तेव्हा देवगडचे शिरगाव हाच सर्वांत संभाव्य पर्याय ठरला. ‘संभाव्य’ हा शब्द मी त्यांना दोनदा सांगितला.

छायाचित्राची कथा निराळी आहे. आगमन १८५० च्या दशकातले, तर छायाचित्र कुठून आले? ते पुढचे होते. १८६७ मध्ये मॉरिशसच्या सरकारने मजुरांसंबंधी एक कडक कायदा केला. कराराची मुदत संपलेल्या, म्हणजे कायद्याने मोकळ्या झालेल्या माणसांनाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगण्याची सक्ती झाली. परवाना जवळ नसला की भटक्या म्हणून अटक. बाजाराला निघालेला, नातेवाइकाच्या घरी चाललेला, परवाना घरी विसरलेला, सारेच त्या जाळ्यात सापडत. अखेर आडॉल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याच्या पुढाकाराने १८७१ मध्ये ९४०१ जुन्या मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे गेला. त्यातून शाही चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाच्या दोघा सदस्यांपैकी विल्यम एडवर्ड फ्रीअर हे मुंबई इलाख्याच्या नागरी सेवेत काम केलेले होते. १८७५ च्या अहवालाने परवान्याच्या जुलमाची बरीच लक्तरे उघडी केली.

त्या शिक्षकांच्या पणजोबांचे छायाचित्र अशाच परवान्यासाठी काढलेले होते. डोक्याला मुंडासे, बटण नसलेली बंडी, नजर सरळ भिंगात. पोलिसाला ओळख पटावी यासाठी घेतलेली ती प्रतिमा आज त्यांच्या घरात गणपतीच्या तसबिरीशेजारी हार घालून लावलेली आहे. त्या पिढीतल्या कोकणी कुणब्याचे दुसरे एखादे छायाचित्र कुणाच्या घरी असेल, असे मला वाटत नाही. माझ्या स्वतःच्या पणजोबांचे नाही. ते कसे दिसत होते हे सांगणारा माणूस आता घरात उरलेला नाही.

मी ओळखीच्या लोकांना पत्रे लिहिली आणि ते दांपत्य शिरगावला जाऊन आले. त्यांनी नंतर जे कळवले, ते येथे थोडक्यात देतो. गावाने त्यांचे उत्तम स्वागत केले. तलाठ्याने दप्तरात जेवढे मागे जाता येईल तेवढे जाऊन पाहिले. राघो नावाची माणसे भेटली, पण आपला राघो कोणता, हे ठरवायला काही आधार नव्हता. ग्रामदेवतेच्या देवळात वडीलधाऱ्यांना विचारले. कुणाचा भाऊ, चुलता पूर्वी बोटीने गेला आणि आला नाही, अशा गोष्टी तीन-चार घरांत होत्या. नाव कुणालाच सांगता आले नाही. शेवटी त्या गृहस्थांनी तलाठ्याला विचारले की माझ्या पणजोबांचे नाव गावाच्या दप्तरात आता कुठे लिहून घेता येईल का. तलाठी भला माणूस असावा. त्याने विचार केला आणि सांगितले की गाव सोडून गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे रकाना नाही. मग ग्रामपंचायतीत भेट देणाऱ्यांसाठी ठेवलेल्या वहीत त्यांनी स्वतःच्या नावाखाली पणजोबांचे नाव, क्रमांक आणि सुटल्याचे साल लिहिले आणि ते परत निघाले.

तलाठ्याचे ते वाक्य प्रशासकीय दृष्ट्या अगदी अचूक आहे. आपली महसुली व्यवस्था जमिनीची नोंद ठेवते. माणसाची नोंद तो जमिनीचा धारक असेल तेवढ्यापुरती. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, तेथून पुढे आजचा सातबारा आकाराला आला. जनगणना १८७२ पासूनची, आणि तिच्यातून नावे नव्हे तर आकडे उरतात. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १८८६ चा, तोही सक्तीचा नव्हता. १८५० च्या दशकात कोकणातल्या एखाद्या कुळाचा धाकटा मुलगा गाव सोडून गेला, तर त्याच्या असण्याची वा जाण्याची नोंद होण्याची जागाच नव्हती. देशावर हेळवी घरोघरच्या वंशावळ्या सांगत फिरत आणि नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे लिहिली जात. पण यात्रेला जाण्याची ऐपत नसलेला माणूस तेथेही पोहोचत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परदेशी जाणाऱ्या मजुरांविषयीचा सरकारी पत्रव्यवहार मोठ्या प्रमाणावर आहे. जहाजांची व्यवस्था, पगार, मृत्यूंचे प्रमाण, अधिकाऱ्यांचे मतभेद, सारे काही त्यात सापडते. तेथे माणूस बहुधा आकडा असतो. मोक्याच्या वह्यांत मात्र तो क्रमांक असूनही माणूस राहिला आहे, कारण क्रमांकापुढे त्याचे नाव आहे आणि हातावरचा व्रण आहे.

स्त्रियांच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो. आपल्या जुन्या वंशावळीत बायका नसतात. असल्या तर अमक्याची पत्नी, तमक्याची कन्या. मॉरिशसच्या वहीत जहाजातून उतरलेल्या स्त्रीला तिचा स्वतःचा क्रमांक मिळे आणि तिच्या नावाची, वयाची, गावाची स्वतंत्र ओळ असे. हे काही स्त्रीविषयीच्या आदरापोटी घडले नाही, तीही मोजायची एक मजूर होती म्हणून घडले. परिणाम मात्र असा की तेथल्या पणतीला आपल्या पणजीचे माहेर शोधता येते. येथल्या पणतीला ते क्वचितच साधते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक साधे सूत्र दिसते. नोंद ठेवायला खर्च येतो, आणि तो खर्च ज्याचा त्यात स्वार्थ असतो तोच करतो. मॉरिशसच्या मजुराला आणण्यासाठी जहाजाचे भाडे, दलाली, आगाऊ पगार असे भांडवल गुंतलेले होते. ते बुडू नये म्हणून माणसावर नजर ठेवणे भाग होते आणि नजर ठेवायची म्हणजे लिहून ठेवायचे. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत तेथे होती. अशा कापणीसाठीही हिशेब लागतो. आता त्याच काळातला दुसरा प्रवास पाहा. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि दोन वर्षांत तिचे उत्पादन सुरू झाले. त्याच रत्नागिरी जिल्ह्यातून, त्याच मचव्यांतून पुढच्या दशकांत हजारो माणसे गिरणगावात आली. त्यांना आणण्यासाठी मालकाला खर्च करावा लागला नाही. ती आपल्या पैशाने, आपल्या गाववाल्याच्या आधाराने आली. मुकादमाने दारातून आत घेतली, नको तेव्हा बाहेर काढली. त्यांच्या आगमनाची नोंद ठेवण्यात कुणाचाच स्वार्थ नव्हता. म्हणून दोन सख्ख्या भावांपैकी जो मॉरिशसला गेला, त्याची उंची आज इंचात सांगता येते आणि जो लालबाग-परळला उतरला, तो कोणत्या साली आला हे त्याच्या पणतूला ठाऊक नसते.

यावरून पारतंत्र्यातली नोंद बरी होती असा निष्कर्ष कुणी काढू नये. परवान्याविना तुरुंगात गेलेल्या माणसाला, दीडशे वर्षांनी माझ्या पणतूला याचा उपयोग होईल, असे सांगून समाधान देता आले नसते. मुद्दा वेगळा आहे. नोंद करणाऱ्याचा हेतू आणि नोंदीचा पुढचा उपयोग यांचा संबंध नसतो. हेतू काळाबरोबर संपतो, नोंद उरते. म्हणून ती अचूक आहे की नाही, एवढेच अखेरीस महत्त्वाचे ठरते. त्या शिक्षकांच्या बाबतीत परगण्याचा एक शब्द कारकुनाने लिहिला नसता, तर तीन शिरगावांतून एक निवडता आले नसते. बंदरावर दिवसाला शेकडो माणसे उतरत असताना ‘विजयदुर्ग’ हा शब्द विचारून लिहून घेणाऱ्या त्या अनामिक कारकुनाचे मला आपल्या पेशाचा एक माणूस म्हणून कौतुक वाटते.

या नोंदींना आता कायदेशीर वजनही आले आहे. परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड २००५ च्या दुरुस्तीनंतर सुरू झाले. सर्वसाधारण नियमात पणतवंडापर्यंतच्या पिढीला ते मिळते. मॉरिशसच्या बाबतीत तेवढे पुरेसे नव्हते, कारण बहुतेकांचे पूर्वज त्याही आधीच्या पिढीत गेलेले. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या दौऱ्यावर असताना, खास तरतूद करून सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांना हे कार्ड देण्याची घोषणा झाली. सात पिढ्यांचा पुरावा द्यायचा म्हणजे शेवटी बंदरावरच्या त्याच ओळीपर्यंत जावे लागते. भटक्यांना पकडण्यासाठी ठेवलेली वही आज माणूस मूळचा आपला आहे हे सिद्ध करते.

आणि आपण? आपल्या देशात पोटासाठी राज्य ओलांडून जाणाऱ्या माणसाची नोंद आपण कशी ठेवतो? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कंत्राटदाराने प्रत्येक कामगाराला छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे, त्यात कामाचे ठिकाण, मुदत, मजुरी लिहावी, अशी तरतूद होती. १८६७ च्या परवान्यावरही छायाचित्र होते. तेथे ते माणसाला अडवण्यासाठी होते, येथे त्याच्या रक्षणासाठी. अडवण्याचा परवाना कसोशीने दिला गेला, रक्षणाचे पासबुक मात्र बहुतेक कामगारांनी कधी पाहिलेही नाही. कंत्राटदाराचा स्वार्थ नोंद न ठेवण्यात होता आणि ती ठेवायला लावणारी यंत्रणा दुबळी होती. २०२० च्या टाळेबंदीत लाखो माणसे रस्त्याने गावाकडे चालू लागली, तेव्हा ती किती आहेत, कुठली आहेत, याचा भरवशाचा आकडा कुणाकडे नव्हता. वाटेत दगावलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही, असे उत्तर त्या सप्टेंबरात संसदेत द्यावे लागले. २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. १९७९ चा कायदा पुढे नव्या कामगार संहितेत विलीन झाला आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या नव्या व्यवस्थेत रकाने पुष्कळ आहेत. ते कुणी, कुणाला विचारून, किती काळजीने भरतो, यावर सारे अवलंबून राहील.

हे वाचणाऱ्यांत भोपाळ, इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर, कलकत्ता येथे दोन-तीन पिढ्या स्थिरावलेली मराठी कुटुंबे आहेत, परदेशी गेलेलीही आहेत. आपले आजोबा कोणत्या साली, कोणत्या नोकरीच्या निमित्ताने निघाले, पहिल्यांदा कोणाकडे उतरले, मूळ गावचा तालुका त्या वेळी कोणता होता, हे आज घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तर समजेल. आपल्यासाठी बंदरावर कुणी कारकून बसलेला नव्हता, तेव्हा ती ओळ आपणच लिहायला हवी. लिहिताना गावाबरोबर तालुका आणि जिल्हा लिहावा, बायकांची माहेरची नावे लिहावीत, साल अंदाजाचे असेल तर अंदाजाचे म्हणून लिहावे. आणि ज्यांच्या हाती सरकारी वही आहे, त्या माझ्या सहकाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. समोरचा माणूस नाव सांगत असताना ते पुन्हा एकदा विचारून घ्यावे. ती ओळ वाचणारा माणूस अजून जन्मलेला नसेल, पण तो येईल तेव्हा त्याच्याजवळ दुसरा कागद नसण्याचीच शक्यता अधिक.